न पिण्याचा दाखला

आकाराम फडतरे यांनी जन्मात दारूला जीभ लावली नव्हती. ही गोष्ट उभ्या साताऱ्यात पाच माणसांना खात्रीनं ठाऊक होती. त्यातली तीन, ते स्वतः धरून, त्यांच्याच घरात राहत होती. उरलेली दोन त्यांच्या वाटणीची रम पीत होती, त्यामुळं त्यांना तर शंका असण्याचं कारणच नव्हतं.

फडतऱ्यांना मंगळवार पेठेत सगळे हवालदार म्हणत. पोलिसातले नव्हेत, फौजेतले. फौजेत ते लढले थोडं आणि मोजलं फार. अठरा वर्षं त्यांनी कंपनीच्या स्टोअरमध्ये ब्लँकेटं, बूट, साबण आणि रम मोजली. बर्फातल्या ठाण्यावर संध्याकाळी जवानांची रांग लागे आणि हवालदार हातात पितळी माप घेऊन एकेकाच्या मगात रम ओतत. मापाच्या काठाला चिकटलेला थेंबसुद्धा ते मगातच झटकत. त्या मापानंतर कोण आईच्या नावानं रडतो आणि कोण कुणाच्या नरड्याला हात घालतो हे त्यांनी इतक्या वेळा पाहिलं होतं, की चव घेऊन बघावी असं त्यांना कधी वाटलं नाही.

आता त्यांना निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. चौऱ्याहत्तर साल होतं. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते आणि तिथं नटबोल्ट मोजत होते. घरात बायको मनुबाई आणि मॅट्रिक झालेली मुलगी अंजना. संसार दोन खोल्यांचा, पण टापटिपीचा. अंगणातल्या चपला एका रेषेत नसल्या तर हवालदार त्या स्वतः वाकून रेषेत लावत आणि मग घरात शिरत.

अडचण होती ती कोट्याची. माजी सैनिक म्हणून त्यांना कँटीनमधून दर महिन्याला रमच्या दोन बाटल्या मिळत. पीत नाही तर उचलायच्या कशाला, असं मनुबाईंनी एकदा विचारलं होतं. त्यावर हवालदार म्हणाले, "हक्काचं सोडलं, की उद्या पेन्शन सोडा म्हनतील." म्हणून ते बाटल्या उचलत. एक बाटली घरमालक लालासाहेबांना जाई. ते तीन वर्षं भाडं वाढवायचं विसरले होते. दुसरी पेठेतल्या हेडमास्तरांना. त्यांनी अंजनाला वर्षाच्या मध्येच शाळेत घेतलं होतं. दोन्ही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, मागच्या दारानं, कुणाच्या अब्रूला धक्का न लावता पोचत्या होत. फक्त कँटीनपासून पेठेपर्यंत त्या हवालदारांच्या खाकी पिशवीत असत आणि चालताना वाजत. पाच वर्षं दर महिन्याला पेठेनं तो आवाज ऐकला होता.

हा कोटा उचलायला त्या काळी परवाना लागे. परवान्याच्या अर्जावर 'अर्जदारास प्रकृतीच्या कारणास्तव मद्याची आवश्यकता आहे' असं छापलेलंच असे. हवालदारांनी त्याखाली मुकाट सही केली होती. छापील कागदाशी वाद घालायची सवय फौजेत लागत नाही.

तर त्या वर्षी चैत्रात ते मेहुण्याकडे सांगलीला गेले होते. जेवून उठताना त्यांना गरगरलं आणि उजवा हात घटकाभर बधिर झाला. पाण्याचा तांब्या हातातून निसटला. पाच मिनिटांत सगळं ठीक झालं. उन्हानं झालं असेल म्हणून हवालदार गप्प बसणार होते, पण मेहुणा त्यांना ओढून डॉक्टर कुडचे यांच्याकडं घेऊन गेला.

डॉक्टर कुडचे म्हणजे बारीक अंगाचा, हळू बोलणारा माणूस. त्यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला, तो पुन्हा पाहिला, आणि विचारलं, "हवालदार, घेता का कधी?"

"एक थेंब न्हाई."

डॉक्टरांनी मान हलवली. रक्त काढून बाटलीत घेतलं आणि ते सांगायला लागले, "लिव्हरमधून एक एन्झाइम रक्तात उतरतं, त्याचा आकडा मला बघायचाय. पिणाऱ्यांचा तो चढतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण न पिणाऱ्याचाही चढलेला असतो कधी कधी. आणि मला भीती लिव्हरची नाही, डोक्याची आहे." त्यांनी टेबलावरची जाड वही पुढं ओढली. "हा आकडा चढलेला आणि वर दाबही चढलेला, अशी अकरा माणसं ह्या वहीत आहेत. त्यातल्या चौघांचं एक अंग गेलं. हे कुठल्या पुस्तकात नाही, माझं आपलं बघणं आहे. चूकही असेल. पण तुमचा आकडा चढलेला निघाला, तर पंधरा दिवसांत माझ्यासमोर यायचं. आणि ही गोळी रोज सकाळी. चुकवायची नाही."

"जी साब," हवालदार म्हणाले. डॉक्टर त्यांना आवडले. इतका वेळ कुणी अधिकारी त्यांच्याशी एवढं नीट बोलला नव्हता.

रिपोर्ट पाकिटातून आला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण दवाखान्यातल्या कंपाउंडरनं तो पोस्टकार्डावर पाठवला. मंगळवार पेठेत पोस्टकार्ड ही खाजगी वस्तू नव्हती. पोस्टमन मोहिद्दीन गेली वीस वर्षं पेठेतल्या बायकांना कार्डं वाचून दाखवत आला होता, आणि त्याच्या मते टपाल नुसतं टाकून जाणं म्हणजे अर्धंच काम झालं. हवालदार कारखान्यात होते, अंजना शिवणाच्या क्लासला गेली होती. ओट्यावर मनुबाई आणि शेजारच्या धोंडुबाई ज्वारी पाखडत होत्या. मोहिद्दीननं सायकल भिंतीला टेकवली आणि खड्या आवाजात वाचायला घेतलं.

"आपल्या रक्तातील लिव्हरचा आकडा दुपटीहून अधिक वाढलेला आहे. दारू घेत असल्यास तत्काळ बंद करावी."

इथपर्यंत आल्यावर धोंडुबाई सूप खाली ठेवून उठल्या आणि दूध उतू जातंय म्हणत घरी गेल्या. त्यांच्याकडं त्या दिवशी दूध नव्हतं. कार्डावर पुढं आणखी होतं. 'रक्तदाबामुळे मेंदूच्या शिरेस धोका आहे, गोळ्या चुकवू नयेत. पंधरा दिवसांत समक्ष भेटावे.' मोहिद्दीननं तेही वाचलं, पण तोवर मनुबाईंना रडू फुटलं होतं, आणि रडणाऱ्या माणसाला शेवटची ओळ ऐकू येत नाही.

संध्याकाळी हवालदार घरी आले तेव्हा पेठेत त्यांचं लिव्हर सडून झालं होतं. लालासाहेब स्वतः खाली आले. त्यांनी हवालदारांच्या खांद्यावर हात ठेवला.

"हवालदार, जरा बेतानं घ्यायची हुती."

"लालासाहेब, ती बाटली तर तुमी पिता."

"ते झालंच," लालासाहेब आवाज उतरवून म्हणाले. "पर ते गावाला ठावं न्हाई न्हवं. गावाला तुमची पिशवी ठावं हाय."

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. लिव्हर म्हटलं की पेठेला एकच रोग माहीत होता, कावीळ. हवालदारांचे डोळे पिवळे नव्हते, पण ती आतल्या आत असते असं धोंडुबाईंनी ठरवलं. कोरेगावला एक म्हातारा कावीळ उतरवून देई. त्याच्याकडं हवालदारांना नेण्यात आलं. त्यानं चुन्याच्या पाण्यात त्यांचे हात धुतले, पाणी पिवळं झालं, सगळ्यांनी ते वाकून पाहिलं. नाकात कसल्याशा पाल्याचा रस पिळला तेव्हा हवालदार कोरेगावच्या बाजारपेठेत उभ्यानं तीस शिंका शिंकले. मग त्यानं पथ्य सांगितलं. तेल नाही, तिखट नाही, आंघोळ आडदिवशी, आणि इंग्रजी गोळी अजिबात नाही, कारण औषधावर औषध पडलं की पहिलं मरतं. मीठ पाहिजे तेवढं खा म्हणाला.

मनुबाईंनी त्याच दिवशी डॉक्टरांच्या गोळ्यांची डबी फळीवर देवाच्या मागं ठेवून दिली. त्यांचं चुकलं असं कुणी म्हणू नये. त्यांना नवरा बरा व्हायला हवा होता, आणि म्हातारा समोर बसून बोलला होता.

हवालदारांना गोळी आठवत होती. पंधरा दिवसही आठवत होते. पण त्यांच्या मनात एक भलतीच गोष्ट घर करून बसली. डॉक्टर कुडचे यांना आपण समोरासमोर सांगितलं, एक थेंब नाही. आणि तरी त्यांनी लिहिलं, दारू घेत असल्यास. म्हणजे त्यांनी विश्वास ठेवला नाही. अठरा वर्षं ज्याच्या हातात माप दिलं आणि ज्याच्या हिशेबात थेंब कमी आला नाही, त्याचा शब्द एका सांगलीकराला पुरला नाही. आता पुन्हा त्या खुर्चीत बसायचं तर तोंडी बोलण्यावर बसायचं नाही, हातात कागद घेऊनच बसायचं, असं त्यांनी ठरवलं. 'घेत असल्यास' हे शब्द कंपाउंडर प्रत्येक कार्डावर लिहीत असे, हे त्यांना कोण सांगणार.

तेवढ्यात इस्लामपूरहून नाथाजी थोरातांचं पत्र आलं. नाथाजी साखर कारखान्यात काट्यावर होते. त्यांच्या मुलाशी अंजनाचं जमलं होतं, सुपारी फुटायची बाकी होती. पत्रात लिहिलं होतं, 'आपल्या प्रकृतीविषयी कानावर आले. खरे काय ते कळवावे, म्हणजे तारखेचे ठरवता येईल.'

हे पत्र पाकिटात होतं, पण ते पेठेनं वाचलंच. धोंडुबाई म्हणाल्या, "मोडनार. खरं काय ते कळवा म्हंजी काय? सरळ इचारतोय, पितोस का न्हाई." लालासाहेबांनाही त्यात तोच अर्थ दिसला. अंजना एवढंच म्हणाली, "आबा, आपन जाऊन भेटून या की त्यास्नी." पण त्या घरात त्या क्षणी सर्वांत कमी ऐकलं जात होतं ते तिचं, आणि लग्न तिचंच होतं.

"मोकळ्या हातानं जायचं न्हाई," हवालदार म्हणाले. "दाखला घिऊन जाणार."

माणूस दारू पीत नाही याचा दाखला कुठं मिळतो, हे शोधण्यात वैशाख गेला. पेठेतल्या डॉक्टरनं सांगितलं, मी काय तुमच्या घरात राहतो का. माजी सैनिकांच्या कचेरीत दाखले पुष्कळ होते. लढल्याचे, जखमी झाल्याचे, निवृत्त झाल्याचे. न पिण्याचा नव्हता. आजवर कुणी मागितलाच नव्हता, असं तिथला कारकून कौतुकानं म्हणाला. त्यानं त्यांना परवान्याच्या कचेरीत पाठवलं, कारण दारूची नोंद तिथं, तर दारू नसल्याचीही नोंद तिथंच असणार.

परवान्याच्या कचेरीत कोंडीबा नावाचा कारकून बसे. त्यानं हवालदारांची फाइल काढली, थुंकी लावून पानं उलटली आणि छापील अर्जावर बोट ठेवलं.

"ही सही कुनाची?"

"माजी."

"काय लिवलंय वाचा. प्रकृतीच्या कारणास्तव मद्याची आवश्यकता हाय. म्हंजी तुमी प्यायला न्हाई तर तुमची प्रकृती बिघडनार, असं तुमीच सरकारला लिवून दिलंय. आता त्याच हातानं मी लिवू, की ह्यो मानूस पीत न्हाई? सरकार खोटं पडंल."

"पर मी खरंच पीत न्हाई."

"मग प्रकृती कशी हाय?" कोंडीबानं विचारलं.

चार खेपा झाल्यावर कोंडीबानं वाट काढून दिली. परवाना परत करायचा. आणि दोन प्रतिष्ठित माणसांनी लिहून द्यायचं, की आम्ही यांना पाच वर्षं ओळखतो, हे पीत नाहीत. हवालदारांना हसू आलं. अशी दोन माणसं त्यांच्यापाशी होती, आणि या कामासाठी त्यांच्याहून लायक माणसं जिल्ह्यात सापडली नसती.

लालासाहेबांनी कागद हातात घेतला, दोनदा वाचला. "सही करायला माजं काय जातंय, हवालदार. पर उद्या सरकारनं इचारलं, कोटा तर उचलला, मग बाटली गेली कुठं? तवा मी काय सांगू?"

"खरं सांगा."

"माजी सून घरात आलीया गड्या. माळ घातलीया मी गळ्यात," असं म्हणून लालासाहेबांनी कागद हवालदारांच्या खिशात परत ठेवला.

हेडमास्तर तर दाराबाहेरच भेटले. ते म्हणाले की शिक्षकानं दारू या विषयावर बाजूनं किंवा विरुद्ध काहीच लेखी देऊ नये. बोलताना त्यांची नजर हवालदारांच्या रिकाम्या पिशवीवर होती. आपण पीत नाही हे ज्यांना पक्कं माहीत, तेच सांगू शकत नाहीत, आणि ज्यांना काहीच माहीत नाही ते सगळ्या गावाला सांगतायत, हे त्या दिवशी हवालदारांच्या ध्यानात आलं. त्या संध्याकाळी घरी जाताना ते कधी नव्हे ते नाक्यावरच्या कठड्यावर बसले. डोकं ठणकत होतं. उजव्या हाताला मुंग्या येत होत्या. ऊन, त्यांनी स्वतःला सांगितलं.

शेवटी कोंडीबालाच दया आली. किंवा दुसरं काही. तो म्हणाला, साक्षीदार राहू द्या, 'सदर इसमाने सांगितल्यावरून' असं लिहून मी शिक्का मारतो. "पर परवाना परत करायच्या आधी ह्या महिन्याचा कोटा उचला. शेवटचा हाय. वाया कशाला घालवता. एक बाटली हिकडं द्या. हितं नगं, स्टँडवर द्या. इस्लामपूरची गाडी लागती तितं."

अशा रीतीनं, न पिण्याच्या दाखल्यासाठी हवालदारांनी रमची बाटली मोजली. त्यात काही विपरीत आहे हे त्यांना कळत होतं. पण नाथाजींच्या पत्राला महिना होऊन गेला होता, आणि अंजना हल्ली जेवताना मान वर करत नव्हती.

ज्येष्ठातल्या एका सोमवारी दुपारी तीन वाजता ते एसटी स्टँडवर उभे होते. इस्त्रीचा सदरा, टोपी, पायात पॉलिश केलेले बूट. खिशात शिक्का मारलेला दाखला. हातात पिशवी. बाटली कोंडीबाच्या हवाली करायची, इस्लामपूरची गाडी धरायची, दाखला नाथाजींच्या पुढ्यात ठेवायचा. उद्या सांगली. मग डॉक्टरांच्या टेबलावर तोच दाखला. फळीवरची गोळ्यांची डबीही त्यांनी आज आठवणीनं बरोबर घेतली होती. आता डॉक्टरांचं ऐकायला हरकत नव्हती.

कोंडीबा समोरून येताना दिसला. हवालदारांनी त्याला हात करायला उजवा हात उचलला, आणि तो उचलला गेला नाही. हात आपला नव्हताच. पिशवी सुटली, फरशीवर बाटली फुटली, रम त्यांच्या विजारीवर उडाली आणि बुटांखाली पसरली. ते वाकायला गेले, तर उजवा पाय खालून निघून गेला. ते त्या ओल्यातच कोसळले.

कोंडीबानं ते पाहिलं. तो जागच्या जागी वळला आणि आला तसा निघून गेला.

माणसं जमली. वास सगळ्यांना आला. कुणी नाकाला रुमाल लावला, कुणी म्हणालं भर दुपारी, कुणी म्हणालं मिलिटरीवाला दिसतोय, ह्यांना फुकट मिळती. हवालदारांना सगळं ऐकू येत होतं आणि सगळं कळत होतं. त्यांना सांगायचं होतं, मला डॉक्टरकडं न्या. त्यांनी तोंड उघडलं. जीभ जाड झाली होती, ओठ एका बाजूला ओघळला होता. पुष्कळ धडपड करून जे बाहेर पडलं ते होतं, "थेंब... थेंब..."

"आजून थेंबभर पायजे म्हनतोय," एकजण म्हणाला, आणि लोक हसले.

स्टँडवरचा पोलीस आला. त्यानं खिसे चाचपले. दाखला निघाला. त्यानं तो मोठ्यानं वाचला. 'सदर इसम मद्यपान करीत नाही, असे त्याने सांगितल्यावरून दाखला देण्यात येत आहे.' आता पोलीसही हसला. वाईट माणूस नव्हता तो. रोज असे दोनचार बघत होता. "उतरंल घटकाभरानं," तो म्हणाला. "सावलीला टाका बाकड्यावर." चौघांनी हवालदारांना उचलून बाकड्यावर टाकलं. टोपी पोटावर ठेवली, दाखला टोपीत ठेवला. इस्लामपूरची गाडी आली, भरली, गेली. हवालदार उघड्या डोळ्यांनी पत्र्याकडं बघत पडून होते. त्यांना लाज वाटत होती. मरणाची भीती त्या मानानं कमी होती.

सहा वाजता मोहिद्दीन पोस्टमन टपालाच्या पिशव्या गाडीवर चढवायला स्टँडवर आला. त्यानं बाकड्याकडं बघितलं, जवळ आला, वाकला.

"आरं, हे तर हवालदार."

"पडू दे, चाचा. लय झालीया त्यास्नी," पोलीस म्हणाला.

"ह्ये पिऊन पडल्याले न्हाईत," मोहिद्दीन म्हणाला. "तोंड बगा की, एका अंगाला गेलंय. ह्यांचं कारड मी वाचलंय. शेवटच्या वळीपतुर वाचतो मी. मेंदूच्या शिरेला धोका हाय म्हनून लिवलं हुतं त्यात." पिशव्या तिथंच टाकून तो टांगा आणायला पळाला. वीस वर्षांत त्याचं टपाल त्या दिवशी पहिल्यांदा चुकलं.

हवालदार वाचले. उजवं अंग गेलं. सातव्या दिवशी वाचा परत आली, पण सगळी नाही. मनुबाईंनी चमच्यानं चहा पुढं केला, तर ते स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाले, "एक थेंब न्हाई." मनुबाईंनी कप मागं घेतला, तर डाव्या हातानं त्यांनी तो ओढून घेतला आणि प्यायले. मग पाणी विचारलं, तर एक थेंब न्हाई. दुखतंय का, एक थेंब न्हाई. दोन महिने त्यांनी कचेऱ्या-कचेऱ्यांतून जे एकच वाक्य सांगितलं होतं, तेवढंच त्यांच्यापाशी उरलं होतं. बाकीची सगळी भाषा त्या बाकड्यावर राहिली.

महिन्याभरानं मेहुण्यानं गाडी करून त्यांना सांगलीला नेलं. डॉक्टर कुडचे यांनी त्यांचा निर्जीव हात हातात घेतला. मनुबाईंनी पिशवीतून गोळ्यांची डबी काढून दिली. जवळजवळ भरलेली होती. डॉक्टरांनी ती उघडली आणि मिटली.

"सायेब, बाकड्यावर तीन तास पडलं नसतं तर..." मनुबाईंनी विचारलं.

"त्या तीन तासांनी फार फरक पडला नसता, बाई," डॉक्टर म्हणाले. "त्या पंधरा दिवसांनी पडला असता." मग ते हवालदारांकडं वळले. "हवालदार, तुम्ही पीत नाही हे मला पहिल्याच दिवशी पटलं होतं. पिणाऱ्याला मी वही दाखवत नाही."

हवालदारांनी त्यांच्याकडं पाहिलं. "एक थेंब न्हाई," ते म्हणाले. डॉक्टरांनी वहीत बारावं नाव लिहिलं.

नाथाजी थोरात मात्र पत्राची वाट न बघता आधीच साताऱ्याला येऊन गेले होते. आले ते सरळ खाटेशी बसले. लालासाहेब, धोंडुबाई दारात उभे होतेच. मनुबाईंनी टोपीतला तो दाखला पुढं केला. नाथाजींनी तो वाचला, आणि त्यांना काही समजलं नाही.

"ह्यो कशाला?"

"तुमी इचारलं हुतं न्हवं. खरं काय ते कळवा."

"आवं वैनी," नाथाजी म्हणाले, "तब्येत कशी हाय ते इचारलं हुतं मी. माजा थोरला भाऊ असाच गेला, पोरीच्या लग्नाआधी आठ दिस. मला वाटलं, हवालदारांचं बी तसं काय असंल तर तारीख अलीकडं घ्यावी. बापाच्या डोळ्यांदेखत व्हावं." त्यांनी दाखल्याची घडी घालून तो परत दिला. "आन् प्याले असते तरी काय झालं असतं. फौजी मानूस."

दारातले लालासाहेब माळेवरून हात फिरवत खाली बघत राहिले. धोंडुबाईंना घरी काहीतरी काम आठवलं. हवालदार खाटेवर डोळे मिटून पडले होते, पण जागे होते.

लग्न श्रावणाआधी झालं, घरासमोरच, छोट्या मांडवात. हवालदारांना इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसवलं होतं. मोहिद्दीननं त्यांच्या डाव्या हातात अक्षता दिल्या, आणि त्यांनी त्या टाकल्या. काही अंतरपाटापर्यंत पोचल्या, बऱ्याच त्यांच्याच मांडीवर सांडल्या. पाहुणे येऊन नमस्कार करत होते, सरबत विचारत होते, आणि ते सगळ्यांना तेच उत्तर देत होते.

निघायच्या वेळी अंजना खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली. तिनं त्यांच्या निर्जीव हातावर आपला हात ठेवला.

"आबा, जाते मी."

हवालदारांना खूप बोलायचं होतं. तू जाऊन भेट म्हणालीस तेव्हाच मी ऐकायला पाहिजे होतं. तिकडं कुणाला डोकं ठणकलं, हाताला मुंग्या आल्या, तर कागद गोळा करत बसू नका. आईला दुपारचं एकटं वाटेल, पत्र टाकत जा. हे सगळं त्यांच्या डोक्यात ओळीनं, नीट, स्टोअरमधल्या मांडणीसारखं लावलेलं होतं. त्यांनी तोंड उघडलं.

"एक थेंब न्हाई," ते म्हणाले. मग कळवळून पुन्हा, मोठ्यानं, "एक थेंब न्हाई."

मांडवात मागच्या बाजूला इस्लामपूरकडचा कुणी लांबचा पाहुणा शेजाऱ्याला म्हणाला, "पोरीचा बाप व्हय? आजच्या दिशी तरी घ्याची न्हवती." शेजाऱ्यानं त्याला गप्प केलं, पण ते सगळ्यांनी ऐकलं होतं. अंजनानंही ऐकलं. तिनं मागं वळून पाहिलं नाही. नव्या शालूच्या पदरानं तिनं बापाचे डोळे पुसले, तोंडाच्या कडेची लाळ पुसली, मांडीवरच्या अक्षता गोळा करून स्वतःच्या डोक्यावर घेतल्या आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"व्हय आबा," ती म्हणाली. "मला ठावं हाय."